डब्ल्यूचा सावंत, व्हीचा सावंत

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मंडळाची पोरं एकाच दारात दोनदा वर्गणी मागायला गेली. पहिल्या वेळी काकांनी हसत पैसे दिले, पावती फाडून घेतली. चार दिवसांनी दुसरी जोडगोळी बेल वाजवून उभी राहिली, तेव्हा काकांनी आतून ती पावती आणली, पोरांच्या नाकासमोर धरली आणि मंडळाच्या कारभाराबद्दल जे सुनावलं ते चाळीच्या तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं. पोरांचा काही दोष नव्हता. यादीतच काका दोन होते. एका ओळीत आडनाव डब्ल्यू घालून लिहिलेलं सावंत, दुसऱ्या ओळीत व्ही घालून लिहिलेलं सावंत.

मी कॉम्प्युटरवर पोट भरतो, त्यामुळे यादी दुरुस्त करायचं काम कोणी न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. यादी म्हणजे खरं तर तीन याद्या. एक जुनं रजिस्टर, कोणीतरी देवनागरीत टाइप केलेलं. एक इंग्रजीतली एक्सेलची फाइल. आणि तिसरी व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवलेली नावं, ज्यात ‘पप्पू रिक्षा’ हेही एक नाव होतं. सगळ्या मिळून तीन हजारांच्या आसपास ओळी. प्रश्न एकच: यातली कोणती माणसं एकच आहेत?

माणसाला हे जमतं, कारण आपण वाचताना मनातल्या मनात बोलत असतो. ‘सुनिता’ लिहिलं काय आणि ‘सुनीता’ लिहिलं काय, कानात एकच बाई येते. कॉम्प्युटरला कान नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर हा एक आकडा. क म्हणजे २३२५, ख म्हणजे २३२६, वेलांटीला वेगळा आकडा, काना वेगळा. ‘सुनीता’ म्हणजे स, उकार, न, दीर्घ वेलांटी, त, काना अशी सहा आकड्यांची माळ. त्यातला एक जरी बदलला तरी उत्तर ‘नाही, वेगळं आहे’. आणि त्याच्या मते ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ जितके वेगळे, तितकेच ‘सुनीता’ आणि ‘घाटकोपर’ वेगळे. कमी वेगळं, जास्त वेगळं असं काही त्याला ठाऊकच नसतं. ते शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचे दोन रस्ते आहेत. एक अक्षरांचा, एक आवाजाचा.

आधी अक्षरांचा, कारण तो सरळ आहे.

एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किमान किती दुरुस्त्या लागतील ते मोजायचं. दुरुस्त्या तीनच प्रकारच्या: एक अक्षर खोडा, एक अक्षर घाला, किंवा एक बदला. जेवढ्या दुरुस्त्या तेवढं दोन शब्दांमधलं अंतर. हे अंतर व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. १९६५ साली त्यानं ते मांडलं तेव्हा शुद्धलेखन त्याच्या डोक्यातही नव्हतं. संदेश पाठवताना वाटेत शून्य-एक गळाले किंवा जास्तीचे घुसले तर मूळ संदेश कसा ओळखायचा, हा त्याचा प्रश्न. त्याच्या एक वर्ष आधी, १९६४ मध्ये, आयबीएममधल्या फ्रेड डॅमेरो यांनी टाइप केलेल्या शब्दांतल्या चुका तपासल्या, तर ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच अक्षराच्या निघाल्या: एक गळालं, एक जास्त पडलं, एक चुकलं, किंवा शेजारच्या दोघांनी जागा बदलल्या. ही जागा बदलण्याची चूक लेव्हेन्श्टाइनच्या तीन प्रकारांत नाही. म्हणून ‘राम’चं ‘रमा’ करायला त्याच्या हिशेबात दोन दुरुस्त्या लागतात, डॅमेरोच्या हिशेबात एक. काना आणि म यांनी फक्त जागा बदलायच्या.

आता हे प्रत्यक्षात कसं मोजतात? ‘माहीम’ आणि ‘महिम’ घ्या. पाट्यांवर दोन्ही नसतील, पण आमच्या यादीत दोन्ही होते. पहिल्यात पाच तुकडे: म, काना, ह, दीर्घ वेलांटी, म. दुसऱ्यात चार: म, ह, ऱ्हस्व वेलांटी, म. चौकटीचा कागद घ्यायचा. डावीकडे वरून खाली माहीम लिहायचं, वरच्या बाजूला आडवं महिम. दोन्हींच्या आधी एकेक रिकामी जागा सोडायची, म्हणजे सहा गुणिले पाच, तीस घरं झाली. प्रत्येक घर एक छोटा प्रश्न विचारतं: माहीमच्या इथपर्यंतच्या तुकड्यांचे महिमचे इथपर्यंतचे तुकडे करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागल्या?

घर भरायला फक्त तीन शेजारी बघायचे. वरच्या घरातून आलात तर एक अक्षर खोडलं, त्यात एक मिळवा. डावीकडून आलात तर एक अक्षर घातलं, त्यात एक मिळवा. तिरपे आलात आणि दोन्हीकडची अक्षरं तीच असतील तर फुकट, नसतील तर एक मिळवा. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा घरात लिहा आणि पुढं सरका. काना आणि ह यांच्या घरात १ येतो. त्याच्या खाली, ह आणि ह भेटतात तिथं, तिरपं फुकट मिळतं, पण तिरप्या शेजाऱ्याकडेच १ लिहिलेला असतो, म्हणून १ च राहतो. दोन वेलांट्या भेटतात तिथं २. शेवटी म ला म भेटतो, तिरपं फुकट, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात २ येतो. एक काना खोडला, एक वेलांटी बदलली. झालं. तीस घरं, प्रत्येकात तीन बेरजा. किराणा दुकानातला पोरगा उभ्या उभ्या करेल असलं गणित.

मी हे पहिल्यांदा यादीवर चालवलं तेव्हा अर्धा तास खूश होतो. मग निकाल वाचले.

‘गीता’ आणि ‘नीता’ यांच्यातलं अंतर १. ‘कृष्णा’ आणि ‘क्रुष्णा’ यांच्यातलं अंतर ३, कारण एका ऋकाराच्या जागी पाय मोडणं, र आणि उकार असे तीन तुकडे येतात. म्हणजे यंत्राच्या मते गीता आणि नीता या जवळजवळ एकच, आणि एकच कृष्णा मात्र दोन माणसं. समोर राहणाऱ्या गीताताईंना हे सांगून बघा.

यावरचा उपाय म्हणजे सगळ्या दुरुस्त्यांना सारखा भाव न लावणं. ऱ्हस्वाचं दीर्घ केलं तर दहा पैसे, ‘श’चा ‘ष’ केला तर दहा पैसे, ‘न’चा ‘ण’ केला तर वीस, ‘ग’चा ‘न’ केला तर पूर्ण रुपया. ‘ऋ’ आणि ‘रु’ ही अदलाबदल एकच दुरुस्ती धरायची, तीन नाही. बोटांच्या चुकाही यात बसवता येतात. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर क आणि ख एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबला की ख. त्यामुळे ही चूक कानाची असेल किंवा करंगळीची, दोन्हीकडून ती स्वस्त असायला हवी. हे भाव कोणी ठरवायचे? ज्याला भाषा येते त्यानं. इथं मला पहिल्यांदा जाणवलं की आपण नुसतं गणित करत नाही आहोत, यंत्राला कोणाचा तरी कान जोडतो आहोत.

तो कान जोडायचा पहिला मोठा प्रयत्न कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाला १९१८ साली एका पद्धतीचं पेटंट मिळालं. पुढं ती साउंडेक्स म्हणून प्रसिद्ध झाली. देशोदेशींहून आलेली माणसं, प्रत्येक कारकून कानाला जे ऐकू येईल ते लिहिणार, आणि मग कार्डांच्या ढिगात माणूस सापडत नाही, ही तिथली अडचण. १९३० च्या दशकात अमेरिकेत म्हातारपणाच्या पेन्शनची योजना आली तेव्हा जन्माचा दाखला नसलेल्यांचं वय सिद्ध कसं करायचं हा प्रश्न उभा राहिला. उत्तर जुन्या जनगणनेत होतं. म्हणून १८८० च्या जनगणनेची साउंडेक्स कार्डं बनवली गेली, आणि तीही फक्त ज्या घरांत दहा वर्षांपर्यंतची मुलं होती तेवढ्याच घरांची. कारण तीच मुलं आता पेन्शनच्या वयाला येत होती. सरकारी काम, पण डोकं लावून केलेलं.

पद्धत अशी. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवा. पुढचे सगळे स्वर उडवा. एच, डब्ल्यू आणि वाय हेही उडवा. उरलेल्या व्यंजनांना सहा गटांत टाका: बी, एफ, पी, व्ही म्हणजे १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड म्हणजे २. डी आणि टी म्हणजे ३. एल ४, एम आणि एन ५, आर ६. तीन आकडे झाले की थांबा, कमी पडले तर शून्य लावा. बस. आजही मायएसक्यूएल, पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये हे तयार मिळतं, एका शब्दात बोलावता येतं.

मी ते बोलावलं. डब्ल्यूच्या सावंतांचं काय झालं बघा. पहिला एस राहिला. डब्ल्यू उडाला. एन चा ५, टी चा ३. एस-५३०. व्हीच्या सावंतांत व्ही उडत नाही, त्याला १ मिळतो: एस-१५३. म्हणजे दोन वेगळी माणसं. आणि शिंदे? एस राहिला, एच उडाला, एन चा ५, डी चा ३. एस-५३०.

थोडक्यात, साउंडेक्सच्या मते सावंत आणि शिंदे हे एकच, पण सावंत आणि सावंत वेगळे.

हसू आवरलं की पुढचं बघा. जोशी आणि जोग, दोघांचा कोड जे-२००. कामत आणि कुंटे, दोघांचा के-५३०. वाघमारे डब्ल्यूनं लिहिले की एका कपाटात, व्हीनं लिहिले की दुसऱ्या, कारण पहिलं अक्षर जसंच्या तसं राहतं. यात रसेलचा दोष नाही. इंग्रजी कानाला डब्ल्यू हा अर्धा स्वर आहे, येतो-जातो. आपल्या कानाला डब्ल्यू आणि व्ही दोन्ही ‘व’ आहेत, आणि कोणाच्या आडनावात कोणता पडला हे बहुतेक वेळा शाळेत नाव घालताना समोर बसलेल्या क्लार्कच्या मर्जीवर ठरलेलं असतं. एकाच घरात थोरला डब्ल्यूचा आणि धाकटा व्हीचा अशी उदाहरणं मुंबईत शोधायला लांब जावं लागत नाही.

इतरांनाही हा अनुभव आलाच. पूर्व युरोपातल्या ज्यू कुटुंबांची नावं शोधणाऱ्यांना रसेलचे कोड चालेनात, म्हणून १९८५ च्या सुमारास डेच आणि मोकोटॉफ यांनी स्वतःचा वेगळा साउंडेक्स बनवला. लॉरेन्स फिलिप्स यांनी १९९० मध्ये मेटाफोन आणला, त्यात इंग्रजी उच्चारांचे नियम खूप बारकाईनं घातले. २००० मध्ये त्यांनीच डबल मेटाफोन काढला, जो एका नावाला गरज पडल्यास दोन कोड देतो, कारण तेच स्पेलिंग इंग्रजीत एक वाचलं जातं आणि मूळ भाषेत दुसरं. भारतीय लिप्यांसाठी संतोष तोट्टिंगल यांनी केलेला साउंडेक्सही खुला उपलब्ध आहे. तो एका लिपीतलं नाव दुसऱ्या लिपीतल्या नावाशी ताडून बघतो.

आणि खरं सांगायचं तर भारतीय लिप्यांना हे काम इंग्रजीपेक्षा सोपं जायला हवं. रसेलला आवाजांचे गट बसून बनवावे लागले. आपल्याला ते पहिलीतच पाठ करून घेतलेले असतात. क ख ग घ ङ, घशाचे. च च्या ओळीत टाळूचे. मग मूर्धन्य, मग दातांचे, मग ओठांचे. आपला तक्ताच उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, वरून खाली तोंडाच्या आतून बाहेर. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराचा आकडा ठरवणाऱ्या युनिकोडनं आकडे देताना हाच क्रम ठेवला. त्याहून गंमत म्हणजे, देवनागरी आणि गुजराती यांची मांडणी एकाच साच्यातली आहे. देवनागरी क च्या आकड्यात ३८४ मिळवले की गुजराती क येतो, म मध्ये मिळवले की गुजराती म. अर्धी मुंबई दुकानाच्या हिशेबाची वही गुजरातीत लिहायची त्या काळी हे असतं तर! गुजरातीत लिहिलेली वर्गणीदारांची यादी आम्हाला एका वजाबाकीत देवनागरीत आणता आली असती.

तर मी मराठी कानाची एक किल्ली बनवायला बसलो. किल्ली म्हणजे नावाचा सांगाडा. स्वर काढून टाकायचे, नावाची सुरुवातच स्वरानं असेल तर तेवढा ठेवायचा. त्यामुळे पौर्णिमा, पोर्णिमा, पूर्णिमा तिन्ही एकाच खुंटीवर लटकतात: प र न म. इंग्रजीत दळवी मध्ये एक ‘ए’ घालून लिहिलेले आणि न घालता लिहिलेले दोघेही एकत्र येतात. ण चा न, ळ चा ल, ष चा श. क्ष फोडून क श, म्हणजे एक्स घालून लिहिलेली लक्ष्मी आणि के-एस-एच घालून लिहिलेली लक्ष्मी एकाच घरात. इंग्रजीत टी म्हणजे त की ट, डी म्हणजे द की ड हे कळत नाही, म्हणून त थ ट ठ एक, द ध ड ढ एक. ज, झ आणि झेड एक, कारण आमच्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे आणि डिसोझा चार तऱ्हांनी लिहिलेले आहेत. व्ह चा व, नाहीतर देवनागरीतले चव्हाण आणि इंग्रजीतले चव्हाण एकमेकांना ओळखत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ अनुस्वारानं खाल्ला. पहिल्यांदा मी आळशीपणानं प्रत्येक अनुस्वाराचा न केला. सावंत बरोबर आले, शिंदे बरोबर आले, आणि कांबळे फुटले. देवनागरी कांबळे झाले क न ब ल, आणि इंग्रजीतले कांबळे, ज्यात एम आहे, ते झाले क म ब ल. सकाळी लोकलमध्ये उभा असताना शाळेतल्या बाई आठवल्या. परसवर्ण! अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षराच्या वर्गातल्या अनुनासिकासारखा. पुढं ब असेल तर म, त असेल तर न. वर्गात हा नियम मार खाऊन पाठ केला होता आणि पुढची तीस वर्षं कधी कामाला आला नव्हता. एक ओळ लिहिली आणि यादीतले सगळे कांबळे एकत्र आले.

नव्या किल्लीनं सावंत, डब्ल्यूचे, व्हीचे आणि देवनागरीतले, तिघेही स व न त. शिंदे श न द. जोशी ज श, जोग ज ग. कामत क म त, कुंटे क न त. हे लिहिताना मला अजूनही बरं वाटतं.

यातल्या प्रत्येक नियमाची किंमत मात्र मोजावी लागते. ळ आणि ल एक केले की कमळ आणि कमल एक झाले. स्वर काढले की मीना, मनू आणि मोना एकाच किल्लीवर आले. म्हणून किल्लीनं निकाल द्यायचाच नाही, नुसती चाळण करायची. तीन हजार नावांतलं प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडायचं म्हटलं तर जवळजवळ ४५ लाख जोड्या होतात. दहा हजार नावं असती तर सुमारे पाच कोटी. एवढ्या चौकटी भरत बसण्यापेक्षा आधी किल्लीनं गट पाडायचे, आणि त्या गटाच्या आतच अक्षरांचं, भाव लावलेलं अंतर मोजायचं. आधी जाड चाळणी, मग मैद्याची. तिथं मीना आणि मनू पुन्हा वेगळ्या होतात.

या दोन चाळण्यांच्या आधी एक तिसरं काम असतं, आणि ते इतकं कंटाळवाणं आहे की सगळे विसरतात. आपल्या डोळ्याला एक दिसणारं अक्षर यंत्रात वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असू शकतं. आमच्या यादीत काही वकील आहेत, त्यांच्या नावाआधी ‘ॲड.’ लिहिलेलं. हा ‘ॲ’ तीन तऱ्हांनी आलेला होता. कोणी एकच अक्षर म्हणून टाइप केलेला. कोणी अ टाइप करून वर अर्धचंद्र दिलेला. आणि कोणी त्या दोघांच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घातलेलं, कारण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याशिवाय ते नीट दिसायचं नाही. पडद्यावर तिन्ही एकसारखे. यंत्राला तीन वेगळे शब्द. तेच गोऱ्हे, कुऱ्हाडे यांच्यातल्या त्या आडव्या र चं. तो दोन-तीन वाटांनी काढता येतो आणि प्रत्येक वाटेचे आकडे वेगळे. युनिकोडचे स्वतःचे एकसारखेपणाचे नियम आहेत, पण ते यातल्या काहीच वाटा जोडतात. अदृश्य चिन्हांची विल्हेवाट आपली आपणच लावायची. बरं, ती सरसकट उडवूनही चालत नाही, कारण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कधी कधी त्या अदृश्य चिन्हावरच उभा असतो.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे ल आणि श. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल डोळ्याला स्पष्ट वेगळे दिसतात, त्यावरून भांडणंही होतात, पण यंत्राला तो एकच आकडा. फरक फक्त फॉण्टचा. दिसणं आणि असणं यांचा एवढा घोळ दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल.

जुन्या रजिस्टरनं अजून एक भर घातली. त्याच्या पहिल्या रकान्याचं शीर्षकच ‘नांव’ असं होतं, न वर अनुस्वार देऊन. आतही गांवकर आणि गावकर शेजारी शेजारी नांदत होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण आमच्या पहिल्या खजिनदारांच्या हातातून गेले नव्हते. त्यासाठी वेगळा नियम करावा लागला: व च्या आधीचा अनुस्वार किल्लीत धरायचा नाही.

नावांचा क्रम ही आणखी एक कटकट. रजिस्टरमध्ये आडनाव आधी, एक्सेलमध्ये शेवटी, व्हॉट्सॲपवर कधी नुसतंच ‘सावंत ३रा मजला’. इथं दुसरी एक युक्ती चालते: शब्दाचे दोन-दोन अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि दोन्हीकडे किती तुकडे सामाईक आहेत ते मोजायचं. घाटकोपरचे तुकडे घाट, टको, कोप, पर. तुकडे कुठल्या क्रमानं आले याचं या मोजणीला काही सोयरसुतक नसतं, त्यामुळे नाव पुढं-मागं झालं तरी आकडा फारसा पडत नाही. जॅरो-विंकलर नावाचं अजून एक माप आहे, अमेरिकेच्या जनगणना खात्यातून आलेलं. ते शब्दाची सुरुवात जुळली तर जास्त गुण देतं. इंग्रजी नावांना छान चालतं. पण ज्या शहरात एकच आडनाव डब्ल्यू आणि व्ही या दोघांनी सुरू होतं तिथं मी त्याच्यावर फार विसंबलो नाही.

आणि काही ठिकाणी हे सगळं शस्त्रागार म्यान करावं लागतं. कुलाबा आणि कोलाबा जुळतात. भायखळा आणि बायकला जुळवता येतात, महाप्राण थोडा सैल सोडला की झालं. वांद्रे आणि बांद्रा, व-ब एक मानले तर तेही. पण ‘व्हीटी’ आणि ‘सीएसएमटी’? एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, त्यात जुळण्यासारखं काही आहे का? इथं अक्षर नाही, आवाज नाही, फक्त मुंबईकराची आठवण आहे. ती यंत्राला एका साध्या तक्त्यानं द्यावी लागते: हे म्हणजे ते. यात कसलीही हुशारी नाही, आणि सगळ्यात कमी चुकणारा भाग तोच.

शेवटी उंबरठा. किती अंतरापर्यंत ‘एकच’ म्हणायचं? फोनमध्ये नाव शोधताना उंबरठा सैल असलेला बरा. दोन नावं जास्त दिसली तर बिघडत काही नाही, हवं ते दिसलं नाही तर वैताग. पण याद्या एकत्र करताना उलट. दोन ओळी चुकून वेगळ्या राहिल्या तर एखादे काका ओरडतात. दोन माणसं चुकून एक झाली तर एक माणूस यादीतून नाहीसा होतो आणि ते कोणाला कळतही नाही. म्हणून मी उंबरठा कडक ठेवला आणि मधल्या संशयित जोड्या कागदावर छापल्या. एका संध्याकाळी खजिनदार, त्यांच्या आई आणि मी चहा घेत बसलो. आजींनी चष्मा न लावता, नुसतं मी वाचून दाखवलेलं ऐकून, ‘हा तोच’, ‘ही ती नव्हे, ती गिरणगावातून बोरिवलीला गेली’, ‘हा वारला’ असं करत दीडशेच्या वर जोड्या तासाभरात निकालात काढल्या. तिसरं यंत्र खोलीत होतं आणि ते सगळ्यांत जलद होतं.

आजींपुढं ठेवल्याच नाहीत अशा काही जोड्या होत्या, कारण त्यांत संशयाला जागा नव्हती. नाव तेच, आडनाव तेच, अंतर शून्य, किल्ली तीच, चाळ तीच. प्रोग्रामनं त्या स्वतःच एक करून टाकल्या.

यंदा पहिल्या दिवशीची आरती झाली आणि प्रसाद घेताना एक बाई माझ्याजवळ आल्या. ‘काय हो, आमच्याकडे यंदा कोणी वर्गणीला आलंच नाही. आम्हाला वगळलंत का?’ मी फोनवर यादी उघडली, नाव दाखवलं, पुढं ‘पावती दिली’ अशी खूण होती. त्यांनी वाकून बघितलं.

‘ही वरची सुनीता,’ त्या म्हणाल्या. ‘मी खालची.’

यादीत आता ‘ओळख’ नावाचा एक नवा रकाना आहे. बऱ्याच ओळींपुढं तो रिकामाच आहे. दोन ओळींपुढं लिहिलंय: वरची, खालची.